चारी बाजूंची पाखरं

काल संध्याकाळी गच्चीवरचे वाळलेले कपडे काढायला गेले आणि हातातला टॉवेल हातातच राहिला. तळवड्याच्या बाजूनं भोरड्यांचा थवा आला. समोरच्या बांधकामाच्या क्रेनला वळसा घालून, एकदा डावीकडे झुकून, एकदा उजवीकडे झुकून तो हाय टेन्शनच्या तारांवर बसला आणि बसल्याबसल्या भांडायला लागला. भोरडी बसली की भांडतेच. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख आणि आमच्या सोसायटीच्या सभेला लाजवेल असा आवाज. थंडी आली हे मला स्वेटरवरून कधी कळत नाही, या बायांवरून कळतं.

तिथूनच अक्कांना फोन लावला. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आम्ही चिखलीत एकाच बिल्डिंगमध्ये राहतो, त्या तळमजल्यावर, आम्ही वर.

"अक्का, भोरड्या आल्या."

"किती हायत?"

"तारा भरल्यात."

मग म्हणाल्या, "आन तू फोन करत बसलीस व्हय? पेटी उघड. सुया काढ."

मी टॉवेल खांद्यावर टाकून तिथंच कठड्याला टेकले. मोशीच्या रस्त्याला हुरड्याचे स्टॉल लागलेत, भाजल्या कणसांचा धूर गच्चीपर्यंत येत नाही, पण मला आला. त्याच्याबरोबर दुसरा वास आला तो जुन्या युनिफॉर्मचा. कितीही धुवा, कंपनीच्या कापडातून मशीनच्या तेलाचा वास पूर्ण जात नाही. हे दोन वास एकत्र आले की मी सरळ त्या हिवाळ्यात जाऊन बसते, ज्या हिवाळ्यात आम्ही चौघींनी पाखरांची गोधडी शिवली.

आमची बिल्डिंग उभी आहे ते घरचंच रान. जिथं आता पार्किंग आहे तिथं शाळू व्हायचा. अक्का लग्न होऊन आल्या त्या वर्षी सासूबाईंनी त्यांच्या हातात गोफण दिली आणि माळ्यावर, म्हणजे रानातल्या राखणीच्या मचाणावर, चढवलं. शाळू हुरड्यात आला की पाखरं उतरायची आणि दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत ती हाकायची. हे काम नव्या सुनेचं, कारण तिला अजून घरातलं काही येत नाही असं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. अक्कांनी वर्षानुवर्षं पाखरं हाकली. चिमण्या, होले, राघू, साळुंक्या, सुगरणी. आणि भोरड्या. भोरड्यांचं नाव काढलं की अजून त्यांचा उजवा हात आपोआप वर जातो.

"चिमणी दाणा टिपती, राघू कणीस मोडून नेतो," त्या सांगायच्या. "भोरडी मातुर वाटाच घेती. अर्धा मळा तिचा."

आयुष्यभर ज्यांना शिव्या घातल्या त्यांची आठवण एवढी कशी येते, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. तेव्हा त्या शेंगा निवडत होत्या. म्हणाल्या, "त्यांनीच तर सोबत केली, बाई. माळ्यावर दुसरं कोण होतं?"

शेवटचा तुकडा बिल्डरकडे गेला त्या वर्षापासून पाखरं खाली उतरेनाशी झाली. उतरून करणार काय, फरशीवर? ती नुसती वरून जायची. अक्का पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मान वर करून बघायच्या. एकदा मी निगडीच्या शाळेतून परत आले, मी तिथं चित्रकला शिकवते, तर त्या म्हणाल्या, "मंजू, मला एक गोधडी करायचीय. आपल्या रानात जी जी पाखरं उतरायची ती समदी तिच्यात बसवायची." मी हो म्हणाले. मला वाटलं, उशीएवढं काहीतरी असेल. त्यांना दोन पलंग झाकतील एवढी हवी होती.

कापडाची आमच्याकडे कमी नाही. या पट्ट्यात, चाकणपासून पिंपरीपर्यंत, ज्या घरात कंपनीचा माणूस आहे त्या घरात जुन्या युनिफॉर्मचं एक बोचकं असतंच. नवा जोड मिळतो, जुना फाटत नाही, टाकवत नाही. त्यानं गाडी पुसतात, फरशी पुसतात, उरलेलं कपाटावर जातं. माझ्या नवऱ्याचे फिकट निळसर-राखाडी शर्ट निघाले. अक्कांनी ते उन्हात धरले आणि म्हणाल्या, "हे आभाळ." खरंच होतं ते. आमच्या भागातलं हिवाळ्याचं आभाळ अगदी त्याच रंगाचं असतं, धुतलेलं पण पूर्ण स्वच्छ न झालेलं. गडद निळ्या पँटींतून खंड्याचे पंख निघाले. मोडक्या छत्रीचं काळं कापड भोरड्यांच्या डोक्याला लागलं. डोळे कशाचे करायचे यावर आठवडाभर चर्चा झाली आणि मग नवऱ्याच्या सेफ्टी जॅकेटची चकाकती पट्टी मीच कापली. त्यानं जॅकेट मागितलं तेव्हा त्याला कावळ्याचा डोळा दाखवला.

गुलाबी कापड शाहीनभाभीनं आणलं. ती आमच्या शेजारची. तिचा नवरा सलीमभाई मांडववाला, चिखलीत त्यांचं डेकोरेशनचं गोदाम आहे, आणि त्या गोदामात मांडवाच्या झालरींचे उरलेले तुकडे पोत्यांनी पडलेले असतात. मांडववाल्याशी लग्न झाल्यामुळे शाहीनभाभीला एक सवय आहे. कुणाच्याही घरी गेली, दवाखान्यात गेली, बँकेत गेली, तरी ती आधी वर बघते. दोरी कुठं बांधता येईल ते तिला बघायचं असतं. आम्ही तिची त्यावरून फार थट्टा करायचो.

चौथी पल्लवी. लातूरकडची पोरगी, वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची, चाकणला पार्ट पॅक करायच्या कामाला होती. नाइट शिफ्ट करून आली की झोपायच्या ऐवजी सुई घेऊन बसायची. म्हणायची, "कंपनीत रातभर एकच पार्ट पॅक करूलालोत. इथं निदान प्रत्येक पाखरू वेगळं हाय."

गोधडी कशी शिवतात हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी एवढंच सांगते, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथंच आहे. गोधडी जमिनीवर अंथरतात. चार कोपऱ्यांवर चार दगड. चार बाया चार बाजूंना बसतात, आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत जातात. चौकोनात चौकोन, त्याच्या आत चौकोन. टाके आणि बाया दोन्ही पुढं सरकत मध्यावर येतात, आणि शेवटी चौघींची डोकी एकमेकींना लागायला आली की गोधडी झाली.

त्या सकाळी कशा होत्या ते सांगायला मला अजून जमत नाही. पार्किंगमध्ये दोन स्कूटरच्या मध्ये कोवळं ऊन यायचं, तेवढ्या पट्ट्यात आम्ही बसायचो. ऊन सरकेल तशी गोधडी सरकवायची. रिकाम्या डब्यात दोरे, ताटलीत भुईमुगाच्या शेंगा. वर कुणाचा तरी मिक्सर चालू. मी खंड्याचं चित्र कागदावर काढून नेलं, चोच मोजून मापून, तर अक्का म्हणाल्या, "चांगलंय, पर ह्यो पोटभर जेवल्यालाय. भुक्या खंड्याची मान पुढं असती." मी मान पुढं घेतली. मग पल्लवी म्हणाली माझा खंड्या तिच्या सुपरवायझरसारखा दिसतो, आणि त्या दिवशी एकही टाका सरळ पडला नाही. शाहीनभाभीच्या भोरड्या इतक्या लठ्ठ झाल्या की अक्कांनी तिला विचारलं, "ह्या लग्नातनं जेवून आल्यात का काय?" भाभी म्हणाली, "मांडवाचं कापड आहे अक्का, जेवणारच."

मला त्या आधी कधी वाटलं नव्हतं की हातानं काही करताना माणूस एवढा मोकळा होतो. शाळेत मी मुलांना चित्र नीट काढायला लावते, रंग रेषेबाहेर जाऊ देत नाही. इथं रेष अशी नव्हतीच. कात्री कापडातून जाईल ती रेष.

मध्यावर पोचलो तेव्हा अक्कांनी एक शाळूचं कणीस शिवलं, पिवळसर झालरीच्या कापडाचं, एवढंच एक. आणि अस्तर बंद करायच्या आधी पदराच्या गाठीतून मूठभर खरी ज्वारी काढून त्याच्याखाली सोडली. आमच्या घरची ती रीत आहे. गोधडीचं पोट रिकामं ठेवून ती शिवायची नाही, चार दाणे तरी घालायचे. मग शेवटचा टाका घातला आणि दात लावून दोरा तोडला.

त्याच सुमारास निगडीच्या एका सभागृहात हस्तकलेचं प्रदर्शन भरणार असल्याचं मी शाळेत ऐकलं आणि अक्कांना सांगितलं. त्या वरवर "आपलं कोण बघतंय" म्हणाल्या, पण मनात घेतलं. इतकं मनात घेतलं की भावकीतल्या एका बारशाला, सगळी मंडळी जेवायला बसलेली असताना, त्यांनी जाहीर केलं की आमची गोधडी निगडीला भिंतीवर लागणार आहे आणि सगळ्यांनी रविवारी सकाळी यायचं.

पंगतीत हशा पिकला. सगळ्यात मोठ्यानं हसले तात्या. तात्या आमचे चुलत सासरे, भावकीतले सगळ्यांत वडील, त्यांचं रान आमच्या रानाला लागून होतं आणि त्यांची गोफण सगळ्या शिवारात नावाजलेली. ते म्हणाले, "सूनबाई, गोधडी अंगावर घ्यायची असती, बघायची न्हाई. पर तू म्हणतीस तर येतो. नुसतीच ठिगळं दिसली तर चहा तुझ्याकडून." कुणीतरी त्यात भर घातली की एवढं रान गेलं तेव्हा अक्का गप्प होत्या, आता ठिगळांचं कौतुक करायला भावकी गोळा करतायत. अक्कांनी ताटातली भाकरी संपवली, हात धुतले आणि परत म्हणाल्या, "रविवारी. सकाळी." मला त्यांचा चेहरा बघवला नाही. आयुष्यात त्यांनी भावकीपुढं स्वतःहून मागितलेली ती पहिली गोष्ट होती, आणि मागणं एवढंच होतं की या आणि बघा.

शनिवारी दुपारी आम्ही चौघी गोधडी घेऊन सभागृहात गेलो. संयोजक बाई सज्जन होत्या, त्यांनी आम्हाला समोरची मोठी भिंत दिली. मी आणि शाहीनभाभी दोन खुर्च्यांवर चढलो, एकेक कोपरा धरला, हात उंच केले. गोधडी पहिल्यांदा उभी राहिली.

मी वरून वाकून बघायला लागले. अक्का समोर उभ्या होत्या. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "ह्या वरच्या अशा का? पाय वर करून?"

जी ती आपापल्या बाजूला बसली होती आणि जिनं तिनं पाखरू आपल्याकडून सरळ शिवलं होतं. पाय आपल्याकडं, डोकं मध्याकडं. जमिनीवर गोधडीभोवती फिरलं की प्रत्येक बाजूला पाखरं उभी. भिंतीवर मात्र एका बाजूची उभी, दोन बाजूंची आडवी पडलेली आणि वरच्या बाजूची पार उलटी. महिनाभर आम्ही ती जमिनीवर बघितली, घडी घातली, उलगडली, आणि चौघींतल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही. येणार कसं? गोधडी उभी कोण बघतं?

"फिरवून बघू की," पल्लवी म्हणाली. फिरवली. आता शाहीनभाभीच्या लठ्ठ भोरड्या उभ्या राहिल्या आणि माझा खंड्या डोक्यावर. परत फिरवली. "मला तर माझीच सरळ दिसूलालीत," पल्लवी म्हणाली, आणि कुणालाही हसू आलं नाही.

"मेल्यासारखी दिसत्यात," अक्का म्हणाल्या. "गोफणीनं पडलेली पाखरं अशीच पडायची." आणि त्या तिथल्या पायरीवर बसल्या.

संयोजक बाईंनी सुचवलं की घडी करून टेबलावर ठेवू या, एक कोपरा दिसेल. जमिनीवर अंथरायला जागा नव्हती, गर्दीत लोकांनी तुडवली असती. अक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या बाई. घरी न्हेतो." मग माझ्याकडं बघून हळूच, "तात्यांना काय सांगू गं?" मला रडू फुटलं. कोपरा हातात धरून मी खुर्चीवर उभी राहून रडत होते, आणि शाहीनभाभी माझ्या शेजारच्या खुर्चीवर उभी राहून, सवयीप्रमाणे, वर बघत होती.

"मंजू," ती म्हणाली, "वर लोखंडी पाइप आहेत."

"मग?"

"मग काय मग. वर बांधू. आभाळात कोण उलटं, कोण सुलटं?"

तिनं सलीमभाईंना फोन केला. ते एका लग्नाचं काम अर्धं टाकून आले, बांबू, सुतळी, शिडी आणि दोन माणसं घेऊन. गोधडी बघितली, हात फिरवला, गुलाबी भोरड्या बघून म्हणाले, "हा माझाच माल दिसतो." अक्कांना म्हणाले, "अक्का, मी एवढे मांडव बांधले. लोक नवरा बघतात, नवरी बघतात, जेवण बघतात. छत कुणी बघत नाही. उद्या बघतील." मग बांबूची चौकट केली, गोधडीची पाठ वर, पाखरं खाली, चारी बाजूंनी ताण देऊन ती वर चढवली. सलीमभाई शिडीवरून ओरडत होते, आम्ही खालून ओरडत होतो, संयोजक बाई आधी घाबरल्या आणि मग त्याही ओरडायला लागल्या, जरा डावीकडं, जरा डावीकडं. शेवटी सुतळीची गाठ बसली आणि सलीमभाई खाली उतरून बाजूला झाले.

आम्ही वर बघितलं. फिकट निळं आभाळ, आणि चारी दिशांनी पाखरं येतायत. राघू, होले, साळुंक्या, खंड्या, भोरड्या, सगळ्यांची तोंडं मध्याकडं, त्या एका कणसाकडं. दाण्यांच्या वजनानं मधे किंचित झोळ पडला होता. आमचं चुकलेलं काहीच नव्हतं. आम्ही महिनाभर हेच शिवत होतो, फक्त आम्हाला माहीत नव्हतं. पल्लवी तिथंच फरशीवर उताणी झोपली आणि म्हणाली, "आता मला झोप आली तरी चालते." अक्कांनी पदरानं तोंड पुसलं आणि सलीमभाईंना विचारलं, "जेवलात का?"

रविवारी भावकी आली. इस्त्रीच्या टोप्या, ठेवणीतल्या साड्या, पोरंबाळं, दोन टेम्पो भरून. तात्या काठी टेकत पुढं. सभागृहात शिरून त्यांनी चारी भिंती बघितल्या. भिंतींवर चित्रं होती, विणकाम होतं, गोधडी नव्हती. मागं कुणीतरी खुसखुसलं.

"कुठं हाय गं?" तात्या म्हणाले. "भितीवं तर काय न्हाई."

अक्कांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "वर बघा, तात्या."

तात्यांनी एका हातानं टोपी धरली आणि मान वर केली. त्यांच्यामागं सगळ्या भावकीनं. पंख्याच्या वाऱ्यानं कापड हललं आणि सेफ्टी जॅकेटचे ते डोळे एकेक करून चमकले. खुसखुस थांबली. तात्या जागच्या जागी सावकाश वळायला लागले, कारण जिकडं तोंड करावं तिकडून पाखरं समोर येत होती. "ह्यो राघू," ते पुटपुटले. "व्हय. ह्यो व्हला. आन ह्या..." गुलाबी रंगाशी येऊन ते थांबले. "भोरड्या. आल्या ह्या."

आणि त्यांचा हात वर गेला. काठी सुटून खाली पडली. एवढ्या वर्षांनी, निगडीच्या सभागृहात, परक्या माणसांच्या गर्दीत, त्या म्हाताऱ्या गळ्यातून शिवाराच्या या टोकापासून त्या टोकाला जाणारी जुनी आरोळी निघाली, "हाऽऽ हुर्रऽऽऽ!"

सगळं सभागृह जागच्या जागी थांबलं. भावकीतल्या म्हाताऱ्या बायका तोंडाला पदर लावून रडत होत्या, सलीमभाई दाराशी उभे राहून आपल्या छताकडं बघत होते, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध अक्का ताठ उभ्या होत्या. मी त्यांना तेवढं ताठ कधीच पाहिलं नव्हतं.

"वरडू नका, तात्या," त्या म्हणाल्या. "यंदा खाऊ द्या त्यांना. दाणं मीच घातल्यात मधी."

तात्यांनी वर बघितलं, अक्कांकडं बघितलं आणि हात खाली घेतला.

"बरं," ते म्हणाले. "खाऊ दे मग."